मोतीबिंदू आणि लेझर: नेहमीच्या शंका

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातले नैसर्गिक भिंग गढूळ होणे. त्यावर कोणताही थेंब चालत नाही; गढूळ भिंग काढून कृत्रिम भिंग बसवणे हाच उपाय. असे पहिले भिंग हॅरॉल्ड रिडले यांनी 1949 मध्ये लंडनमध्ये बसवले.

चष्म्याचा नंबर घालवणारे लेझर, म्हणजे लॅसिक, हे वेगळे काम. त्यात बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा आकार बदलतात. वय 18 च्या पुढे आणि नंबर साधारण वर्षभर स्थिर असावा लागतो. मोतीबिंदू त्याने जात नाही.

‘मोतीबिंदू पिकल्यावरच काढायचा का?’ नाही; तसे थांबणे जव्हारजवळच्या शिरपामाळाच्या परिसरातल्या माणसाला अधिक महाग पडू शकते. माळावरची उतरती पायवाट, नाचणीची शेते, संध्याकाळचा अंधार. नजर अधू असेल तर पाय घसरायला वेळ लागत नाही. फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो, शस्त्रक्रिया अवघड होते, कधी डोळ्यातला दाबही वाढतो. रोजच्या कामात अडथळा येऊ लागला की तपासणी करून निर्णय घ्यावा. पावसाळा संपण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही.

शस्त्रक्रियेत डोळा बधिर करतात. बहुतेकांना त्याच दिवशी घरी जाता येते. त्यानंतर काही आठवडे थेंब नेमाने घालावेत, डोळा चोळू नये, चुलीचा धूर, धूळ आणि चिखल टाळावा. आवणी थोडी लांबवावी किंवा दुसऱ्यावर सोपवावी. दुखणे वाढले, लाली आली किंवा दिसणे कमी झाले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

काढलेला मोतीबिंदू परत येत नाही. भिंगामागची पिशवी मात्र पुढे धुरकट होऊ शकते. ती लेझरने काही मिनिटांत मोकळी करतात.