रक्तातला बोहाडा

पेठ, सुरगाण्याकडचा बोहाडा पाहिलाय का कधी? नाशिकहून जाऊन एकदा तरी पाहाच, तोही रात्र जागून! संबळ घुमायला लागला की मशालीच्या उजेडात एकेक सोंग नाचत येतं. गणपती येतो, सरस्वती येते. त्राटिका आली की पुढे बसलेली पोरं हळूच मागे सरकतात. मी एकदा सोंगं सजतात तिथे डोकावलो होतो. एक काका राक्षसाचा मुखवटा काढून घाम पुसत होते आणि शेजारी त्यांचा पुढचा मुखवटा तयार होता. माणूस तोच, सोंग नवं. पण एका वेळी तोंडावर मुखवटा एकच!

अगदी असाच बोहाडा घोड्याच्या रक्तातही रंगतो. नाचणाऱ्याचं नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय. जीभ अडखळली ना? मग आपण त्याला सोंगाड्या म्हणू. त्याचं अख्खं शरीर म्हणजे एकच पेशी. असे तीन-चार सोंगाडे एकापुढे एक ठेवले, तर कुठे तुमच्या केसाची जाडी भरेल. 1880 साली ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या पशुवैद्याला तो घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात वळवळताना दिसला, डेरा इस्माईल खान इथे. ते गाव आता पाकिस्तानात आहे. या सोंगाड्यामुळे होणारा रोग म्हणजे सर्रा. जनावराला ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो आणि ते खंगत जातं.

ताप असा ये-जा का करतो? सगळी गंमत सोंगाड्याच्या अंगरख्यात आहे. त्याच्या अंगभर एकाच प्रकारचे सुमारे 1 कोटी रेणू खेटून उभे असतात. बाजरीचं शेत गच्च भरलं की खालची माती दिसते का? तसंच हे. यातला प्रत्येक रेणू म्हणजे ग्लायकोप्रोटीन, म्हणजे साखरेची झालर लावलेलं प्रथिन. (चहातली साखर नव्हे हं, तिची भावंडं.)

रक्तातले पहारेकरी, म्हणजे प्रतिपिंडं, हा अंगरखा ओळखायला शिकतात. त्यात त्यांचे काही दिवस जातात, पण एकदा ओळख पटली की सोंगाड्यांचा फडशा! ताप उतरतो. तेवढ्यात दोन-चार सोंगाड्यांनी गुपचूप वेगळा अंगरखा चढवलेला असतो. पहारेकरी जुनाच चेहरा शोधत फिरतात, इकडे नव्यांची फौज वाढते आणि ताप पुन्हा चढतो.

असे अंगरखे आहेत तरी किती? सोंगाड्याचा आफ्रिकेतला सख्खा चुलतभाऊ शास्त्रज्ञांनी नीट तपासलाय. त्याच्या पेटाऱ्यात सुमारे 2000 अंगरख्यांचे नमुने, म्हणजे जनुकं, सापडली. त्यांतली बरीचशी मोडकी! पण तो एकाचं नाक, दुसऱ्याचा जबडा जोडून नवाच मुखवटा बनवतो. शिवाय अंगाला थोडे पहारेकरी चिकटलेच, तर तो जोरात पोहत सुटतो. पोहताना ते मागे मागे ढकलले जातात, शेपटाकडच्या एका खिशात जातात आणि गिळले जातात. अंगरखा मात्र कुसळं काढलेल्या सदऱ्यासारखा स्वच्छ होऊन परत अंगावर. साधारण बारा मिनिटांत सगळ्या अंगरख्याची अशी एक फेरी होते!

मग माणसाला सहसा सर्रा का होत नाही? आपल्या रक्तात अपोएल-1 नावाचं प्रथिन असतं. सोंगाड्या ते खाऊ समजून गिळतो. ते आत जाऊन भोकं पाडतं आणि सोंगाड्या फुगून फुटतो. घोड्याकडे हे प्रथिन नाही.

आणि एका माणसाकडेही ते नव्हतं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिवनी गावच्या एका शेतकऱ्याला महिनोन् महिने ताप येत-जात होता. रक्त सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तर त्यात चक्क सोंगाड्या! नागपूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. प्रशांत जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली हे जगाला सांगितलं. माणसात हा जीव सापडल्याची ती पहिली पक्की नोंद. सुरामिन नावाच्या औषधाने ते काका बरे झाले. पुढच्याच वर्षी ब्रसेल्सच्या शास्त्रज्ञांनी उलगडा केला: आईकडून आणि वडिलांकडून आलेली त्यांची अपोएल-1 ची दोन्ही जनुकं बिघडलेली होती.

आणखी कुणाला लागण झालीय का, हे पाहायला गावातल्या 1806 जणांचं रक्तही तपासलं. कसं, ते ऐका. हा सोंगाड्या बहुतेक ठिकाणी एक ठरावीक अंगरखा कधी ना कधी घालतोच. तोच अंगरखा घातलेले, मारून निळे रंगवलेले सोंगाडे एका कार्डावर ठेवायचे आणि त्यात माणसाच्या रक्ताचा थेंब मिसळायचा. त्या अंगरख्याची ओळख असलेले पहारेकरी रक्तात असतील तर निळ्या गुठळ्या दिसतात. काहींच्या कार्डावर त्या दिसल्याही, पण जिवंत सोंगाड्या एकाच्याही रक्तात मिळाला नाही.

पण सोंगाड्या एका घोड्यातून दुसऱ्यात जातो कसा? दसऱ्याच्या सुमारास येवल्याच्या घोडेबाजारात गेलात तर घोड्यांच्या शेपट्यांकडे बघा. माशी चावली रे चावली की सटकन फटका! अर्धपोटी माशी उठते आणि शेजारच्या घोड्यावर बसते. तिच्या सोंडेला पहिल्या घोड्याचं रक्त अजून ओलंच असतं. त्यात सोंगाड्या असला, तर त्याला बोहाड्यासाठी नवं गाव मिळालं.