घराच्या आतल्या भिंती

घर बाहेरून कसे दिसते याची काळजी सारेच करतात; पण माणसाचे दिवस जातात ते घराच्या आत. खोलीत उजेड किती वाटतो, ती मोकळी वाटते की कोंदट, हे आतल्या भिंतीला काय लावले आहे यावर पुष्कळसे ठरते. भिंतीवरचा रंग आणि चित्र म्हणजे नुसती शोभा, पैसेवाल्यांची हौस, असा एक समज आहे. तो मला पटत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या मराठवाड्यातच आहे. अजिंठ्याची बरीचशी लेणी इसवी सनाच्या पाचव्या शतकात, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळात कोरली व रंगवली गेली. सोळाव्या क्रमांकाचे लेणे त्याचा मंत्री वराहदेव याने करविले, असे तेथील शिलालेख सांगतो. हरिषेण हा वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेचा, आणि वत्सगुल्म म्हणजे आपल्या शेजारचे वाशीम! तेव्हा अजिंठा आपल्याला वाटतो तितका परका नाही.

लेणे म्हणजे मुळात डोंगर पोखरून केलेली काळोखी खोली. उजेड येतो तो दाराकडूनच. अशा खोलीचा रंगाऱ्यांनी महाल केला. पहिल्या लेण्याचे छत त्यांनी चौकोनांत विभागले आणि त्यांत फुले, फळे, पशुपक्षी भरले. दुसऱ्या लेण्यात तर वर्तुळांची अशी रचना आहे की मंडपावर नक्षीदार कापड ताणल्यासारखे वाटते. वर कापड नाही, लाकूडही नाही, सारा दगड आहे. पण मान वर केली की एवढा डोंगर आपल्या डोक्यावर आहे याचा विसर पडतो.

इतिहास विभागाच्या सहलीत आम्ही अजिंठ्याला गेलो, तेव्हा सगळ्यांची गर्दी पद्मपाणीपुढे होती. माझे लक्ष मात्र रंग गळून पडलेल्या जागांकडे गेले. तेथे खालची माती उघडी पडली आहे. दगड मुद्दाम खडबडीत ठेवून त्यावर माती, वाळू, साळीचा तूस आणि गवताचे तंतू यांचा गिलावा दिलेला. त्यावर आणखी बारीक मातीचा थर. त्यावर चुन्याचा पातळ हात. आणि मग डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, चुना असे बहुतेक रंग येथल्याच मातीचे व चुलीचे. निळा तेवढा लाजवर्दी दगडाचा, दूरदेशाहून आणलेला. वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडल्याचे संशोधन 2016 साली प्रसिद्ध झाले आहे. हे तंतू माती धरून ठेवतात.

हे सारे ऐकताना मला नवल वाटले नाही, कारण हा गिलावा मी घरी पाहत आले आहे. आमच्या घरी तुसाऐवजी गव्हांडा असतो, एवढाच फरक. माती आठ दिवस भिजवायची, तुडवायची, शेण घालून लिंपायची आणि मग पांढऱ्या मातीने घर पोतारायचे. आमचे घर माळवदाचे, भिंती हात-दीड हात रुंद, खिडकी एकच. चुलीच्या धुराने वर्षभरात भिंत काळवंडते. पोताऱ्याचा हात फिरला की त्याच खिडकीचा उजेड पार कणगीमागच्या कोपऱ्यापर्यंत पोचतो. खाली वीतभर गेरूचा पट्टा असतो, तोही उगीच नाही. सारवताना उडालेले शिंतोडे त्यावर दिसत नाहीत. आणि हे काम दसऱ्याच्या आधी करतात, कारण पावसाळ्याची ओल तोवर बरीच सुकलेली असते. माझ्या आईला अक्षरओळख नाही. पण "वल्ली भित रंग धरत नाही," हे ती मला लहानपणापासून सांगते.

अजिंठ्यालाही हा धडा मिळाला आहे. 1920 ते 1922 या काळात हैदराबादच्या निजाम सरकारने चेकोनी आणि ओर्सिनी या दोघा इटालियन तज्ज्ञांकडून चित्रांची डागडुजी करून घेतली. सुटलेला गिलावा त्यांनी धरून ठेवला, हे मोठेच काम झाले. पण चित्रांवर त्यांनी लाखेचे रोगणही दिले. काळाच्या ओघात ते पिवळे पडले, चित्रे झाकोळली, आणि ते रोगण काढण्याचे नाजूक काम पुढे पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांना करावे लागले.

आमच्या गावात सध्या हेच लहान प्रमाणावर चालू आहे. लग्न ठरले की बैठकीला ऑइलपेंट हवा! आमच्याही घरी ताईच्या लग्नात दिला. चार दिवस भिंत आरशासारखी चमकली. मातीची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि ती हवेत सोडते. वरून तेलाचा पापुद्रा बसला की ओल आत अडकते. दुसऱ्या पावसाळ्यात फुगे आले आणि मातीसकट पापुद्रे सुटले. चुन्याचे असे होत नाही. कळीचा चुना पाण्यात विरून भिंतीवर लागला की हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन तो पुन्हा चुनखडीच होतो, पण त्याची छिद्रे उघडी राहतात. पैसे कमी लागतात ते वेगळेच.

चित्राचेही भिंतीशी असेच नाते आहे. वारली घरांत कारवीच्या कुडावर माती-शेण लिंपून, गेरू फासून, तांदळाच्या पिठाने सुवासिनी लग्नाचा चौक लिहितात. अंधाऱ्या खोलीत ती पांढरी रेघच उजेडासारखी उठून दिसते. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा मशे यांनी ही कला कागदावर आणून जगापुढे नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आता शहरांतल्या झगझगीत हॉटेलांतही वारली चित्रे दिसतात. दिसोत बापडी, पण दिव्यांच्या लखलखाटात त्या रेघेला काम उरत नाही.

यंदा आमची बैठक आम्ही खरवडून काढणार आहोत. वडील आधी तयार नव्हते. पाहुणे काय म्हणतील, हा त्यांचा प्रश्न होता. आता ठरले आहे ते असे : पापुद्रे काढून भिंत पूर्ण सुकू द्यायची, नवा गिलावा, मग चुन्याचे तीन पातळ हात, प्रत्येक हाताआधी भिंतीवर थोडे पाणी शिंपडून. खालचा गेरूचा पट्टा आई ओढील. देवळीभोवतीची वेल मी काढणार आहे, काजळी आणि डिंकाने.