हाताला पुरेल एवढा प्रेक्षक

लोकरीची तोरणे विणणाऱ्या, जुन्या नऊवारींच्या गोधड्या शिवणाऱ्या, शाडूच्या मूर्ती घडवणाऱ्या, बांबूच्या काड्यांचे पारंपरिक आकाशकंदील करणाऱ्या, रुखवताचे सामान मांडून देणाऱ्या कितीतरी जणी आणि कितीतरी जण आज इन्स्टाग्राम-यूट्यूबवर आहेत. त्यांच्याशी गप्पा सुरू झाल्या की टाका, रंग, कापड हे विषय थोड्या वेळात मागे पडतात आणि बोलणे फॉलोअर्सवर येऊन थांबते. रोज रील टाकायलाच हवी, हिंदीत बोलायला हवे, अमुक वाजता पोस्ट करायला हवी, असे सल्ले त्यांना सगळीकडून मिळत असतात. हे सल्ले देणाऱ्यांचा व्यवसाय बहुधा प्रेक्षक जमवण्याचाच असतो. हाताने वस्तू घडवणाऱ्यांचे गणित वेगळे आहे. ते त्यांना कोणी समजावून सांगत नाही आणि त्यापायी चांगल्या कारागिरांचा उत्साह मावळतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

‘लाखभर फॉलोअर्स झाल्याशिवाय काही खरं नाही’

सगळ्यात जास्त नुकसान या समजुतीने केले आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करू.

हाताने टाके घातलेली एक मोठी गोधडी करायला, घरचे सगळे सांभाळून, महिना सहज जातो. म्हणजे वर्षाकाठी दहा-बारा गोधड्या. त्या घ्यायला दहा-बारा घरे पुरतात. थोडी माणसे जास्तीची धरू, काही नुसतीच चौकशी करून जातील, काहींना किंमत झेपणार नाही. तरी मनापासून लक्ष ठेवून असलेली शे-दोनशे माणसे गोधड्या करणाऱ्या बाईला वर्षभर काम देऊ शकतात. अशा बाईला लाख फॉलोअर्सच्या मागे लावणे म्हणजे तिच्या हातातली सुई काढून मोबाइल देणे.

अमेरिकन लेखक केव्हिन केली यांनी २००८ साली ‘एक हजार खरे चाहते’ ही कल्पना मांडली. कलावंताला लाखोंची गर्दी लागत नाही, दर वर्षी त्याच्याकडून शंभर डॉलरची खरेदी करणारी हजार माणसे मिळाली तरी एक लाख डॉलर होतात, असा त्यांचा हिशेब. हजार हा आकडा काही दगडावरची रेघ नव्हे, हेही त्यांनी स्वतःच स्पष्ट केले होते. वस्तूची किंमत आणि आपला निर्वाह किती, यावर तो कमी-जास्त होतो. मी त्यात तिसरी गोष्ट घालेन: आपल्या हातून वर्षात किती काम होते. हा आकडा आधी कागदावर लिहावा. किती प्रेक्षक हवेत, ते त्यावरून ठरवावे.

रील अचानक पाच लाख लोकांपर्यंत गेली तर काय होते, याचाही विचार करून ठेवलेला बरा. ‘प्राइस प्लीज’ असे विचारणारे शेकडो संदेश येतात. त्यांना उत्तरे देण्यात आठवडा जातो. त्या आठवड्यात नेहमीच्या गिऱ्हाइकाचे बारशाचे दुपटे राहून जाते. ऑर्डरी घेतल्याच, तर तारखा पाळता येत नाहीत. मदतीला माणसे घेतली, तर टाका बदलतो आणि ज्या टाक्यासाठी लोक आले होते तोच हरवतो. हातकामाच्या धंद्यात मागणी एका रात्रीत दसपट झाली तरी पुरवठा तसा वाढत नाही.

मोठा प्रेक्षक लागतो तो वेगळ्या विक्रीसाठी. विणकामाचे लेखी नमुने, ऑनलाइन वर्ग, रेकॉर्ड केलेले धडे या गोष्टी एकदा तयार केल्या की हजार जणांना देता येतात. तुम्हाला वस्तू विकायची आहे, शिकवायचे आहे, की नुसते समानधर्मी लोक हवे आहेत, हे आधी ठरवावे लागते. शेवटची इच्छाही पूर्ण प्रतिष्ठेची आहे. छंदातून पैसा आलाच पाहिजे, असा नियम नाही.

‘रोज टाकलं नाही तर अल्गोरिदम विसरतो’

मुळात ‘अल्गोरिदम’ नावाची एकच वस्तू नाही. इन्स्टाग्रामचे प्रमुख अॅडम मोसेरी यांनी २०२१ मध्ये हे सविस्तर लिहिले होते: फीड, स्टोरी, एक्सप्लोर आणि रील्स यांची निवड वेगवेगळ्या पद्धतीने होते. जानेवारी २०२५ मध्ये त्यांनी तीन गोष्टींचे महत्त्व पुन्हा सांगितले. लोक किती वेळ पाहतात, किती जण लाइक करतात आणि किती जण ती पोस्ट दुसऱ्याला पाठवतात. यातले लाइक ओळखीच्या, म्हणजे आधीपासून फॉलो करणाऱ्या लोकांच्या बाबतीत अधिक उपयोगी, आणि पाठवणे अनोळखी लोकांपर्यंत पोचण्यासाठी.

हे कारागिरासाठी फार चांगले आहे. ‘हे बघ ताई, तुझ्या गौरींना असंच हवं होतं ना?’ असे म्हणून एका बाईने दुसरीला पाठवावे अशी एक रील, घाईघाईत केलेल्या सातांपेक्षा जास्त चालते. त्यासाठी पूर्ण झालेली वस्तू किंवा कामातला सर्वांत देखणा टप्पा पहिल्या दोन-तीन सेकंदांतच दिसू द्यावा. ‘नमस्कार, माझ्या चॅनेलवर तुमचं स्वागत’ नंतर आले तरी चालते.

यूट्यूबचे वागणे आणखी वेगळे. तिथे २०१२ पासून नुसत्या क्लिकपेक्षा पाहण्याच्या वेळेला वजन आले. शिवाय यूट्यूब हे लोकांचे शोधण्याचे ठिकाण आहे. मखर कसे करायचे, बाळकृष्णाचा लोकरीचा पोशाख कसा विणायचा, कापडाची किनार कशी दुमडायची, हे लोक तिथे जाऊन टाइप करतात. म्हणून तीन वर्षांपूर्वीचा मखराचा व्हिडिओ दर श्रावणात पुन्हा जागा होतो. इन्स्टाग्रामवरच्या बहुतेक पोस्टना असे दीर्घायुष्य मिळत नाही. अशा सणाच्या कामाचा व्हिडिओ सणाच्या आदल्या आठवड्यात टाकून उपयोग नसतो. लोकांना साहित्य आणून घरी करून पाहायला वेळ मिळेल, इतका आधी, निदान महिनाभर तरी, तो तिथे असायला हवा.

रोज टाकण्याच्या आग्रहाला माझ्या मते सर्वांत भक्कम उत्तर ऑस्ट्रेलियातून आले आहे. जॉन प्लांट या माणसाने २०१५ मध्ये ‘प्रिमिटिव्ह टेक्नॉलॉजी’ हे चॅनेल सुरू केले. उत्तर क्वीन्सलंडच्या जंगलात तो हाताने मातीची झोपडी बांधतो, कौले भाजतो, भट्टी उभारतो. कॅमेऱ्यासमोर एक शब्द बोलत नाही, पार्श्वसंगीत नाही, माहिती हवी तर फक्त लिखित मथळ्यांत. दोन व्हिडिओंमध्ये कितीतरी आठवडे जातात. त्याचे सदस्य एक कोटीच्या वर आहेत. प्रत्येकाला हे जमेल असे नाही, पण सावकाश चाललेले हाताचे काम पाहत बसायला जगभर माणसे तयार आहेत, एवढे त्यातून नक्की कळते.

‘माझं अकाउंट दाबून ठेवलंय’ ही तक्रारही वारंवार ऐकू येते. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये ‘अकाउंट स्टेटस’ असे पान आहे. तुमच्या पोस्ट अनोळखी लोकांना सुचवल्या जाऊ शकतात की नाही, ते तिथे दिसते. तिथे सगळे ठीक असेल, तर अडचण बहुधा व्हिडिओच्या सुरुवातीत असते.

‘तीस हॅशटॅग लावा, सुरुवातीला थोडे फॉलोअर्स विकत घ्या’

हॅशटॅगने पोच फारशी वाढत नाही, हे मोसेरी यांनीही अनेकदा सांगितले आहे, आणि हॅशटॅग फॉलो करण्याची सोय डिसेंबर २०२४ मध्ये बंदच झाली. त्यापेक्षा ‘क्रोशाचे दाराचे तोरण’, ‘मुंजीचे रुखवत’ असे साधे शब्द मजकुरात लिहावेत. विकत घेतलेली खाती तर काही पाहत नाहीत, काही पाठवत नाहीत, आणि फॉलोअर्स विकत घेणे नियमाविरुद्धही आहे. या विषयावर याहून जास्त वेळ घालवू नये.

‘मराठीत केलं तर बघणार कोण?’

२०११ च्या जनगणनेत मराठी ही मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. हिंदी आणि बंगालीनंतर देशात तिसरा क्रमांक. यांतले किती जण तुमची कला शोधत असतील, ते सोडा. वरचा हाताच्या कामाचा आकडा आठवला, तर त्यांतले मूठभरही तुम्हाला पुरतात.

नगर तालुक्यातल्या सारोळा कासार गावच्या सुमन धामणे यांचे ‘आपली आजी’ हे चॅनेल २०२० मध्ये घराघरात पोचले. आजी कधी शाळेत गेल्या नव्हत्या. नातवाने चित्रीकरण केले आणि त्या आपल्या नेहमीच्या बोलीत, आपल्या चुलीजवळ बसून स्वयंपाक शिकवत राहिल्या. भाषा ‘शुद्ध’ करण्याचा प्रयत्न झाला असता, तर लोकांना जी आजी भेटली ती भेटली नसती.

रुखवत, हळदीकुंकवाचे वाण, गौरींचे मुखवटे, बोरन्हाणाचे हलव्याचे दागिने या वस्तू शोधणारी माणसे त्या मराठीतच शोधतात. ती ठाण्यात असोत, बडोद्यात, इंदुरात किंवा न्यू जर्सीत. अशा ठिकाणी मराठीत बोलणारा माणूसच त्यांना हवा असतो. ज्यांना मराठी येत नाही, त्यांच्यासाठी हात स्पष्ट दिसू द्यावेत आणि खाली इंग्रजी किंवा हिंदी मथळे द्यावेत.

‘सगळं दाखवलं तर लोक नक्कल करतील’

करतील, काही जण नक्कीच करतील. पण दाखवल्याने काय मिळते, याचे मोठे उदाहरण पुण्यातच आहे. अरविंद गुप्ता हे आयआयटी कानपूरचे अभियंते. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत पु. ल. देशपांडे फाउंडेशनच्या मदतीतून उभ्या राहिलेल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षे काम केले. काडेपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी, शीतपेयाच्या नळ्या, जुनी वर्तमानपत्रे यांतून त्यांनी शेकडो खेळणी बनवली. प्रत्येकाची कृती छोट्या फिल्ममध्ये दाखवली, त्या फिल्म मराठीसह अनेक भाषांत केल्या आणि सगळे संकेतस्थळावर मोफत ठेवले. कोणीही करावे, शिकवावे, हीच त्यांची इच्छा. देशभरातल्या शिक्षकांनी ती खेळणी वर्गात नेली. नक्कल झाली तितके गुप्तांचे नाव पसरले. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

विक्री करणाऱ्याची काळजी वेगळी, हे मान्य आहे. तिथे कायदा थोडा समजून घ्यावा. टाका घालण्याची पद्धत, तोरण विणण्याची कल्पना यांवर कोणाचा कॉपीराइट नसतो. तुम्ही काढलेला फोटो, तुमचा व्हिडिओ, तुम्ही शब्दांत लिहिलेला नमुना यांवर मात्र तुमचा हक्क असतो. कोणी तुमचाच फोटो लावून वस्तू विकत असेल, तर यूट्यूब आणि इन्स्टाग्राम दोन्हीकडे कॉपीराइटची तक्रार करता येते आणि ती करावी. बाकी, पाहून घरी करून बघणारी आणि तयार वस्तू विकत घेणारी माणसे फार क्वचित एकच असतात. व्हिडिओ पाहिल्यावर त्यात किती तास जातात हे कळते, आणि पुढच्या वेळी किमतीवर घासाघीस करायला जीभ रेटत नाही.

दाखवायची तयारी आहे, पण चांगला कॅमेरा नाही म्हणून थांबलेल्यांसाठी थोडक्यात: खिडकीतून बाजूने येणारा दिवसाचा उजेड, न हलणारा मोबाइल आणि पंखा बंद केल्यावर नीट ऐकू येणारा आवाज एवढ्यावर काम सुरू होते.

‘व्ह्यूज आले की पैसे आले’

यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळायला १,००० सदस्य लागतात आणि त्याबरोबर गेल्या बारा महिन्यांत ४,००० तास पाहणे किंवा नव्वद दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज. ५०० सदस्यांवर जी पहिली पायरी आहे, तिच्यात प्रेक्षकांकडून थेट पैसे घेण्याच्या काही सोयी मिळतात, जाहिरातीचा वाटा नाही. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातींच्या उत्पन्नातले ५५ टक्के निर्मात्याला मिळतात, शॉर्ट्समध्ये निर्मात्यांसाठीच्या रकमेतून ४५ टक्के. छोट्या चॅनेलला यातून लोकरीचा खर्च निघाला तरी पुष्कळ. कारागिराचे खरे उत्पन्न वस्तूतून आणि शिकवण्यातून येते.

एखाद्या दुकानाने फुकट लोकर किंवा रंग पाठवले आणि तुम्ही ते दाखवले, तर तसे स्पष्ट सांगणे बंधनकारक आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत पैशाबरोबर भेटवस्तू आणि फुकट मिळालेला मालही येतो.

‘एकदा जमलेली माणसं आपलीच’

२९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. खेड्यापाड्यांतल्या हजारो कलाकारांचा लाखोंचा प्रेक्षक त्या दिवशी गेला, आणि त्यांना शोधायचा दुसरा पत्ता लोकांकडे नव्हता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ‘आपली आजी’ चॅनेलही हॅक झाले होते. ते काही दिवसांत परत मिळाले, सगळ्यांना मिळत नाही. जाहिरातीच्या कराराच्या नावाने ई-मेल येतो, त्यातली फाइल उघडायला सांगतात आणि खाते हातचे जाते, ही चोरी नेहमीची झाली आहे. दोन टप्प्यांची पडताळणी आजच चालू करावी आणि अनोळखी फाइल उघडू नये.

त्याबरोबर माणसांशी स्वतःचा धागा ठेवावा. आपल्याकडे तो धागा बहुधा व्हॉट्सअॅप आहे. बिझनेस अॅपमध्ये वस्तूंची यादी फोटो आणि किमतींसह लावता येते. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच तो संदेश पोचतो. म्हणून वस्तू हातात देताना नंबर सेव्ह करायला सांगावे आणि संदेश पाठवू का, हेही विचारून घ्यावे. एका वहीत घेणारीचे नाव, वस्तू, रंग आणि निमित्त टिपून ठेवावे. ज्या घरात गेल्या फाल्गुनात बाळासाठी दुपटे गेले, तिथे पुढच्या संक्रांतीला बोरन्हाण असण्याची शक्यता असते. हलव्याचे दागिने करणारीने त्या घरी मार्गशीर्षातच एक फोटो पाठवावा.