चाकाशिवाय घडणारी भांडी : व्हिएतनाममधील बाउ त्रुक

बाउ त्रुक हे व्हिएतनामच्या दक्षिण-मध्य किनारपट्टीवरील चाम लोकांचे कुंभारगाव. फान रांग शहराच्या दक्षिणेला ते सुमारे दहा किलोमीटरवर आहे. पूर्वी ते निन्ह थुआन प्रांतात होते. जुलै २०२५ मध्ये तो प्रांत खान्ह होआमध्ये विलीन झाला. देशातील कुंभारकाम पाहायला निघालेले बहुतेक पर्यटक हनोईजवळच्या बात त्रांगला जातात आणि तिथली निळ्या नक्षीची चकचकीत भांडी घेऊन परततात. बाउ त्रुकला चाक नाही, बांधीव भट्टी नाही, भांड्यांवर चकाकीचा लेपही नाही. मात्र मातीचे भांडे मुळात कसे घडते, हे इथल्याइतके उघडपणे फार थोड्या ठिकाणी दिसते.

चाम लोक म्हणजे एके काळी या किनाऱ्यावर नांदलेल्या चंपा राज्याचे वंशज. त्या राज्याचे संस्कृत शिलालेख आजही उपलब्ध आहेत. फान रांग परिसरातील अनेक चाम घराणी अजून हिंदू परंपरा पाळतात आणि जवळच्या टेकडीवरील पो क्लोंग गराय मंदिरात मुखलिंगाची पूजा होते. चाम समाज मातृवंशीय आहे. मडकी घडवण्याची विद्याही आईकडून मुलीकडे जाते.

माती क्वाव नदीकाठच्या शेतांतून येते. ती भिजवून, पायांनी तुडवून तिच्यात नदीची बारीक वाळू मिसळतात. या वाळूचे काम मोठे आहे: तिच्यामुळे वाळताना आणि एकदम आच लागताना भांडे तडकत नाही, म्हणूनच ते उघड्यावर भाजता येते. वाळू किती घालायची, हे भांड्याच्या आकारावर आणि बाईच्या हाताच्या अंदाजावर ठरते.

खरे पाहण्यासारखे असते ते घडवणे. मातीचा गोळा एका उंच बैठकीवर ठेवला जातो आणि तो जागचा हलत नाही. कमरेत वाकलेली बाई त्याच्याभोवती उलट्या पावली फिरत राहते. एक हात आतून, एक बाहेरून. भिंत वर चढत जाते, वरून मातीच्या वळ्या जोडल्या जातात, बांबूच्या कड्याने पृष्ठभाग खरवडला जातो आणि ओल्या फडक्याने काठ गुळगुळीत होतो. चाकावर जी गोलाई यंत्र देते, ती इथे पावलांच्या लयीतून येते. मोठ्या रांजणासाठी किती फेऱ्या होत असतील, याचा विचार केला की या कष्टांची किंमत कळते.

वाळलेली भांडी लाकडांवर रचून पेंढ्याने झाकतात आणि पेटवतात. आच सुमारे ८०० अंश सेल्सिअसपर्यंत जाते; सात-आठ तास ती चालते. भांडी गरम असतानाच त्यांच्यावर वनस्पतींपासून केलेला रंग शिंपडतात. त्याचे डाग, धुराचे काळे पट्टे आणि मातीचा तांबूस रंग मिळून प्रत्येक भांडे वेगळे होते.

पूर्वी इथे प्रामुख्याने पाण्याचे रांजण, स्वयंपाकाची मडकी आणि चुली होत. तांदळाच्या पिठाचे ‘बान्ह कान’ करण्याचे मातीचे साचेही होत. आपल्या आप्पेपात्राचे ते जवळचे भावंडच. अॅल्युमिनियम आणि प्लास्टिक आल्यावर घरगुती मागणी घटली. आता दिवे, मूर्ती आणि चाम मंदिरांच्या प्रतिकृती अधिक घडतात.

युनेस्कोने २९ नोव्हेंबर २०२२ रोजी चाम कुंभारकलेचा समावेश तातडीने जतन करण्याच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला. शहरीकरणामुळे माती मिळणे अवघड होत आहे, बाजाराशी जुळवून घेणे पुरेसे जमलेले नाही आणि तरुणांचा ओढा कमी आहे. यांतली पहिली अडचण सर्वांत गंभीर वाटते. दुसऱ्या मातीत हीच पद्धत टिकेलच असे नाही.

गावात घरोघरी आणि प्रदर्शनगृहांत काम पाहता येते, स्वतः हात लावूनही बघता येते. भाजणी मात्र पुरेशी भांडी वाळून जमली की होते, त्यामुळे आधी चौकशी करून जावे. साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये काते हा हिंदू चामांचा मोठा सण येतो. पो क्लोंग गराय मंदिरात त्या वेळी उत्सव असतो आणि बाउ त्रुकचे लोक कुंभारकला शिकवणारा आद्यपुरुष मानल्या गेलेल्या पो क्लोंग चान याचे पूजन करतात.