कॉलरवरचा सायक्लोन

मालवणच्या किनाऱ्यावर सगळेच लिहितात. संपादकांनी या वेळी विचारलं, याच जिल्ह्यातल्या खाणकामगाराच्या छातीत काय जातं? उत्तरासाठी किनारा सोडून कणकवली तालुक्यात कासार्ड्याला जावं लागतं. काचेला आणि ओतकामाला लागणारी सिलिका वाळू इथे निघते. धुताना ती ओली असते, तोवर धोका कमी. वाळल्यावर चाळताना, ट्रकमध्ये भरताना तिचा धुरळा उडतो.

हा धुरळा मोजण्याची रीत घडली कोळशाच्या भुयारी खाणींत. फुप्फुसात खोलवर पोचणारी धूळ कोणती, यावर १९५९ साली जोहान्सबर्गच्या परिषदेत एकमत झालं. तेव्हापासून हवेतली सगळी धूळ नव्हे, तर ही बारीक धूळ तोलायची असं ठरलं.

ती वेगळी करणारं उपकरण मला विलक्षण वाटतं. कामगाराच्या कमरेला बॅटरीवरचा पंप, तिथून वर आलेली नळी आणि कॉलरला, नाकापासून वीतभर अंतरावर, अंगठ्याएवढा सायक्लोन. आत हलणारा एकही भाग नाही. पंप मिनिटाला १.७ लिटर हवा ओढतो. ती निमुळत्या पोकळीत गरगर फिरते, जड कण भिंतीवर आपटून तळाच्या डबीत पडतात आणि हलके कण हवेबरोबर वर फिल्टरवर जातात. ४ मायक्रॉनचे निम्मे कण पार होतात, निम्मे अडतात. डोळ्यांना दिसणारा धुरळा बहुतेक डबीतच राहतो. घातक असते ती न दिसणारी धूळ.

भारतात कोळसा खाणींसाठी २०१७च्या नियमांनी घनमीटरला २ मिलिग्रॅमची मर्यादा घातली, तीही धुळीत सिलिका ५ टक्क्यांहून कमी असेल तरच. कोळसा आणि तेलाखेरीज इतर खाणींना १९६१चे नियम आहेत. त्यांत १५ ला सिलिकेच्या टक्केवारीने भागायचं. बारीक धुळीत निम्मी सिलिका असली, तर मर्यादा उरते ०.३ मिलिग्रॅम.

अडचणी इथून सुरू होतात. आठ तासांच्या पाळीत पंपातून जेमतेम ०.८ घनमीटर हवा जाते. म्हणजे मर्यादा गाठली तरी फिल्टरवर पाव मिलिग्रॅमच धूळ जमते. कोकणच्या दमट हवेत फिल्टरचं स्वतःचंच वजन बदलू शकतं, म्हणून न वापरलेले कोरे फिल्टरही सोबत तोलावे लागतात. जेवणाच्या सुट्टीत कुणी पट्टा काढून सायक्लोन उलटा ठेवला, तर डबीतली जाड धूळ फिल्टरवर सांडते आणि अख्ख्या पाळीचा नमुना वाया जातो. पावसाळ्यात मोजलं तर आकडा साहजिकच कमी येतो. सिलिकेचं प्रमाण तराजू सांगत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत क्ष-किरण किंवा अवरक्त किरणांची तपासणी लागते.

सगळ्यांत मोठी अडचण माणसाची आहे. सिलिकोसिस, म्हणजे सिलिकेच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार, व्हायला बहुधा दहा-वीस वर्षं लागतात आणि रोजंदारीवरचा माणूस तोवर एका जागी टिकत नाही. पुढे खोकला आणि दम लागला की क्षयाचं औषध सुरू होतं. सिलिकेमुळे क्षय जडण्याचा धोका वाढतो हे खरं, पण क्षयाच्या औषधांनी सिलिकोसिस बरा होत नाही. तो कशानेच बरा होत नाही. कायद्यानुसार त्याची सूचना देणं बंधनकारक आहे, पण त्याआधी निदान तर व्हायला हवं.

म्हणून एवढीच विनंती. डॉक्टरांनी छातीचा फोटो पाहताना पेशंटला आधी कुठे-कुठे काम केलं ते विचारावं. आणि कामगारांनो, कॉलरला सायक्लोन लावून कुणी नमुना नेला, तर त्यातून निघालेला आकडा लेखी मागून घ्या आणि जपून ठेवा.