राखेत जपलेले बियाणे

पावसाळ्यात डोंगरातल्या घरांत धान्याची कणगी तळाला जाते आणि नवे पीक अजून शेतातच असते. अशा वेळी चूल पेटती ठेवते ती परसबाग. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या कोंभाळण्याच्या बीजमाता राहीबाई सोमा पोपेरे यांनी हे ओळखले आणि गावठी वाण जपायला घेतले. त्या शाळेत गेलेल्या नाहीत; २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. मणिभाई देसाईंनी १९६७ मध्ये उरुळी कांचनला उभारलेल्या, आज पुण्यात वारज्याला मुख्यालय असलेल्या ‘बायफ’ या संस्थेने या कामाला बळ दिले.

संकरित बियाण्याला नावे ठेवायचे कारण नाही. खतपाणी भरपूर असेल तर ते भरघोस पिकते. पण त्याचे दाणे पुन्हा पेरले की पुढच्या पिढीत गुण विखुरतात आणि दरवर्षी दुकान गाठावे लागते. वालाचे तसे नाही. त्याच्या फुलात बहुधा स्वपरागण होते, म्हणून लेकीला दिलेले बी आईच्या वेलासारखेच फळते. दुधी-दोडक्यात मधमाश्या परागकण इकडून तिकडे नेतात. तिथे दोन वाण लांब लावावे लागतात. बायका हे अनुभवाने शिकल्या आहेत. शिवाय वालाच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नत्र जमिनीत आणतात आणि वाळल्या दाण्यात पाचव्या हिश्श्याहून जास्त प्रथिने असतात. गरिबाघरी याचे मोल मोठे.

बी राखेत का ठेवतात? राख ओल शोषते आणि भुंग्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडते, त्यामुळे कीड सुकून मरते. बियाणेशास्त्राचा ठोकताळा असा की, दाण्यातली ओल एका टक्क्याने घटली की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते.

लागवड हातोहाती पुढे देण्याची रीत दुसरीकडेही आहे. आपला साबुदाणा ज्या कंदापासून होतो, त्या कसाव्यावर आफ्रिकेतली लाखो घरे जगतात. तिथल्या बाया त्याच्या खोडाचे तुकडे शेजारणीकडून आणून लावतात. पैसे लागत नाहीत. मात्र तुकड्यांबरोबर विषाणूही येतो. म्हणून निरोगी झाडाची निवड हे तिथले मोठे काम आहे.

निवड इथेही तितकीच महत्त्वाची. पुण्यात गच्चीवर गावठी वाल लावणाऱ्यांनी सर्वांत जोमदार वेल हेरावा, त्याच्या चांगल्या शेंगा भाजीसाठी न तोडता वेलावरच वाळू द्याव्यात आणि त्यातले मूठभर बी शेजारी द्यावे.