‘रिपोर्ट उना का?’

एप्रिल २०२० मध्ये धुळे जिल्ह्यात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले, त्यात साक्रीचं नाव होतं. आपण बहुतेक जण तेव्हा शाळेत होतो. मोबाईलवरचे तास, रिकामा हायवे, गल्लीच्या तोंडाला बांधलेले बांबू, हे सगळं आठवतं. आणि आठवतो तो एकच प्रश्न, ‘रिपोर्ट उना का?’ पण हा रिपोर्ट तयार कोण करायचं आणि त्याला एवढा वेळ का लागायचा, हे आपण फारसं विचारलं नाही.

पहिली अडचण होती अंतराची. ३० जानेवारी २०२० ला केरळमध्ये देशातला पहिला रुग्ण नक्की झाला, तो पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या (एनआयव्ही) तपासणीवरून. आपल्याकडचे नमुनेही सुरुवातीला जिल्ह्याबाहेर जायचे. साक्रीहून धुळे पन्नासेक किलोमीटर, आणि तिथून पुणे आणखी तीनशेच्या वर. घशातला स्वॅब खास द्रवाच्या नळीत, तीन पदरी पॅकिंगमध्ये, बर्फाच्या डब्यात ठेवून पाठवायचा. रिपोर्ट येईपर्यंत पेशंट ‘संशयित’ आणि घरचे सगळे अडकलेले.

मग धुळ्याच्या श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात तपासणी सुरू झाली आणि अंतर एकदम कमी झालं. पण सुरुवातीच्या काळात जळगाव आणि नंदुरबारचे नमुनेही इथेच यायचे. म्हणजे लॅब एक आणि जिल्हे तीन!

मशीन आणलं की लॅब सुरू, असं नसतं. आरटी-पीसीआरमध्ये विषाणूच्या जनुकीय भागाच्या कोट्यवधी प्रती बनतात. त्यामुळे एका नमुन्याचा कण दुसऱ्यात गेला तरी चांगल्या माणसाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो. म्हणून आरएनए वेगळा करण्याची खोली वेगळी, रसायनं मिसळण्याची वेगळी, मशीनची वेगळी. आणि काम एकाच दिशेनं पुढे सरकणार. एरवी रक्त, लघवी, शुगर तपासणाऱ्या हॉस्पिटलच्या लॅबना हे सगळं काही आठवड्यांत बसवायचं होतं. ड्युट्या शिफ्टमध्ये आल्या. पीपीई किट चढवलं की कित्येक तास पाणी नाही, बाथरूम नाही.

तरी नमुन्यांचा ढीग वाढत होताच. त्यावर एक युक्ती होती ‘पूलिंग’. पाच जणांचे नमुने थोडे थोडे एकत्र करून एकच टेस्ट करायची. निगेटिव्ह आली तर पाचही जण सुटले. पॉझिटिव्ह आली तर पाचही नमुने वेगवेगळे तपासायचे. आता गणित करा. १०० नमुन्यांत २ पॉझिटिव्ह आहेत, तेही वेगवेगळ्या गटांत. आधी २० टेस्ट, मग त्या दोन गटांच्या १०. झाल्या ३०. वाचल्या ७०! पण प्रत्येक गटात एक जरी पॉझिटिव्ह निघाला तर २० अधिक १००, म्हणजे १२० टेस्ट. म्हणूनच आयसीएमआरनं एप्रिल २०२० मध्ये सांगितलं होतं, की साथ कमी असलेल्या भागातच पूलिंग करा.

जून २०२० मध्ये अँटिजेन टेस्ट आली आणि तपासणी तालुक्यापर्यंत पोचली. अर्ध्या तासात निकाल. पण ही टेस्ट काही रुग्ण चुकवते, म्हणून लक्षणं असून निगेटिव्ह आलेल्यांचीच आरटी-पीसीआर करायची. मोठ्या लॅबवरचा भार असा वाटला गेला.

याची किंमतही मोजावी लागली. ट्रूनॅट आणि सीबीनॅट ही मशीन मुळात टीबी शोधण्यासाठी गावोगाव पोचली होती. ती कोरोनाच्या कामाला लागली. लॉकडाऊनमुळे पेशंटही दवाखान्यापर्यंत येईनात. देशात २०१९ मध्ये टीबीचे २४ लाख रुग्ण नोंदले गेले, २०२० मध्ये फक्त १८ लाख. टीबी कमी झाला नव्हता, तो सापडत नव्हता. साक्रीच्या पश्चिम पट्ट्यातून कामासाठी गुजरातकडे जाणाऱ्या कुटुंबांसाठी हा आकडा कागदावरचा नाही. न सापडलेला एक पेशंट घरातल्या इतरांनाही आजार देऊ शकतो.

म्हणजे साथीत लॅब वाढवणं जितकं गरजेचं, तितकंच रोजच्या तपासण्या चालू ठेवणंही. वर्षभरात देशात दोन हजारांवर लॅब उभ्या राहिल्या. मशीन विकत घेता येतात. पण ती चालवायला मायक्रोबायोलॉजी किंवा डीएमएलटी शिकलेली माणसं लागतात, आणि ती ऐनवेळी बाजारात मिळत नाहीत. आपण थाळ्या वाजवल्या तेव्हा डोळ्यासमोर डॉक्टर, नर्स आणि पोलीस होते. बंद दारामागचा टेक्निशियन फारसा कुणाला दिसला नाही. बारावी सायन्सनंतर ‘मेडिकल नाही तर काय?’ असं विचारणाऱ्या मित्रमैत्रिणींनी त्या दारामागे एकदा जरूर डोकावावं. पुढची साथ कधी येईल हे कोणाला माहीत नाही. पण तेव्हा रिपोर्ट वेळेत द्यायला आपल्यातलंच कुणीतरी लागणार आहे.